धर्मराजाचे कुत्रे आणि विमानाचे तिकीट

जानेवारी २०१८ मधील गोष्ट आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क विमानतळावर एक मोर आला. उडत आला नाही. सामानाच्या ढकलगाडीवर ऐटीत बसून आला. त्याचे नाव डेक्स्टर. त्याच्या मालकीणबाईंना त्याला विमानाने बरोबर न्यायचे होते, आणि त्याच्यासाठी वेगळ्या आसनाचे भाडे मोजायचीही त्यांची तयारी होती. युनायटेड विमान कंपनीच्या माणसांनी मोराकडे पाहिले, त्याच्या पिसाऱ्याकडे पाहिले, आणि आकार व वजन या कारणांसाठी त्याला घेता येणार नाही असे सांगितले. बाईंनी मग मोराला घेऊन मोटारीची वाट धरली.

ही बातमी वाचून आपल्याकडे ज्याने त्याने हसून घेतले. साहजिकच आहे. आपल्या भिंतीवरच्या तसबिरीत सरस्वतीजवळ मोर असतो, कार्तिकेय तर मोरावरच बसतो, आणि १९६३ पासून मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे. पिढ्यान्‌पिढ्या जो देवांचे वाहन झाला, त्याने एकदा स्वतः वाहनात बसावेसे म्हटले तर बिघडले कुठे? परंतु वाचकहो, बाईंचा दावा निव्वळ हौसेचा नव्हता. हा मोर म्हणजे आपल्या मनाचा आधार आहे, आणि म्हणून त्याला बरोबर नेण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हक्काची भाषा आली की हसणे आवरून जरा नीट बसावे लागते.

इंग्रजीत अशा प्राण्याला 'इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल' म्हणतात. आपण सोयीसाठी 'आधारप्राणी' म्हणू. (आधार म्हटल्याबरोबर कोणी बारा आकडी क्रमांक विचारू नये, एवढीच विनंती.) एखाद्याला एकटेपणा खातो, एखादीला विनाकारण धास्ती वाटते, कोणाचे मन खिन्नतेने काळवंडून जाते. अशा वेळी मांडीवर मांजर घुरघुरत असले किंवा पायाशी कुत्रा पसरला असला की जीव थाऱ्यावर येतो. या मांजराने अगर कुत्र्याने काही विद्या शिकलेली नसते. त्याचे नुसते असणे हेच औषध. यात थट्टेसारखे काहीच नाही. मुलगा परदेशी गेल्यावर रिकाम्या घरात पोपटाशी बोलत बसणारी आजी आपल्या प्रत्येक आळीत सापडेल. तिला कोणी डॉक्टरांचे पत्र मागितले नाही, एवढाच फरक.

अमेरिकेत मात्र पत्राचा प्रश्न आला, तो असा. १९८६ साली तेथे एक कायदा झाला. अपंग प्रवाशाला विमान कंपन्यांनी भेदभावाने वागवू नये, हा त्याचा सरळ हेतू. अंध माणसाचा वाटाड्या कुत्रा त्याच्याबरोबर विमानात आला पाहिजे, हे त्यात ओघानेच आले. मनाचे दुखणे हेही दुखणेच, या न्यायाने पुढे वाहतूक खात्याच्या नियमांत आधारप्राण्यांनाही जागा मिळाली. मानसोपचार करणाऱ्या परवानाधारक जाणकाराचे, वर्षाच्या आतले पत्र दाखवावे, दोन दिवस आधी कळवावे आणि प्राण्याला फुकट बरोबर न्यावे. साप, सरडे, उंदीर-घुशींची जात आणि कोळी एवढ्यांना कंपन्यांनी बंदी केली तरी चालेल. बाकीच्यांचा विचार प्रसंग पाहून व्हावा. हेतू चांगला, शब्द दयाळू. पण दयाळू शब्दांना फटी फार असतात.

त्या फटीतून काय काय आत शिरले पाहा. २०१४ साली कनेक्टिकटमध्ये एका बाईंनी डुक्कर विमानात आणले. त्याने मधल्या वाटेतच घाण केली आणि दोघांनाही उतरवावे लागले. २०१६ साली नॉर्थ कॅरोलायनात एक बदक पायांत लाल जोडे घालून विमानातून हिंडले आणि सर्वांचे लाडके झाले. २०१८ साली ऑर्लँडोत एका बाईंनी खार आणली. खार उंदराच्याच गोत्रातली, म्हणून कंपनीने नकार दिला. बाई उतरेनात, तेव्हा सगळ्या उतारूंना खाली उतरवून मग बाईंना उतरवावे लागले. ही झाली गमतीची उदाहरणे. पण विमान कंपन्यांच्या संघाने आकडे दिले ते गमतीचे नव्हते. २०१६ साली सुमारे ४ लाख ८१ हजार आधारप्राणी अमेरिकेत विमानांतून गेले. २०१७ साली ७ लाख ५१ हजार. एका वर्षात अमेरिकेची मने इतकी खचली असतील असे वाटत नाही.

मग वाढले काय? कारण अगदी गृहस्थी आहे. कुत्रे नुसते पाळलेले म्हणून न्यायचे तर एका फेरीला सव्वाशे डॉलरच्या घरात भाडे पडे. तेच कुत्रे आधार म्हणून नेले तर फुकट. शिवाय पाळीव म्हणून नेताना पेटी लागे, आणि पेटीत न मावणाऱ्या कुत्र्याची रवानगी विमानाच्या पोटातल्या सामानात होई. इकडे संगणकावर चार प्रश्नांची उत्तरे दिली आणि पैसे भरले की पत्र घरपोच करणारी दुकाने निघाली होती. पत्र देणाऱ्याने माणूस पाहिलेला नाही, मग जनावर कोठून पाहणार?

येथवर वाचून कोणी म्हणेल, "अहो, नेले कुत्रे तर नेले! कोणाचे काय गेले?" काय गेले ते कळायला जरा मागे जावे लागेल.

१९२७ साली अमेरिकेतल्या एका गाजलेल्या साप्ताहिकात डोरोथी युस्टिस या बाईंचा एक लेख आला. बाई अमेरिकन, पण स्वित्झर्लंडमध्ये राहून कुत्र्यांना शिक्षण देत. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत वाटाडी कुत्री तयार करीत, त्याची हकीकत त्यांनी लिहिली होती. टेनेसी संस्थानातल्या नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक नावाच्या एका अंध तरुणाला हा लेख घरच्यांनी वाचून दाखविला. त्याने बाईंना पत्र टाकले आणि १९२८ साली तो समुद्र ओलांडून त्यांच्याकडे गेला. जाताना एकट्या आंधळ्याची जबाबदारी कोण घेणार, म्हणून त्याला एका माणसाने दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे तसे, टपालाच्या पुडक्यासारखे पोहोचते केले, असे सांगतात. परतताना त्याच्याबरोबर 'बडी' नावाची कुत्री होती. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत त्याने तिच्या भरवशावर तेथला अत्यंत रहदारीचा रस्ता ओलांडून दाखविला. जो माणूस पुडके होऊन गेला, तो माणूस होऊन परत आला. १९२९ साली त्याने आणि युस्टिसबाईंनी 'सीइंग आय' ही शाळा काढली. ती आजही चालू आहे.

पण रस्ता ओलांडणे सोपे, दरवाजे ओलांडणे कठीण. खाणावळीत कुत्रे नको, आगगाडीत नको, मोटारीत नको. फ्रँकने आयुष्याची कित्येक वर्षे एकेक दरवाजा ठोठावण्यात घालविली. १९३८ साली एका विमान कंपनीने 'सीइंग आय'च्या सर्व कुत्र्यांना प्रवाशांच्या कक्षात मालकाजवळ बसू द्यायचे मान्य केले. ही कंपनी कोणती? ऐंशी वर्षांनी मोराला नाही म्हणणारी तीच ती युनायटेड! हा नुसता योगायोग असेल; पण त्या दोन प्रसंगांत जे अंतर आहे तेच या लेखाचे सार आहे.

बडीला तो दरवाजा उघडला, तो ती मालकाची लाडकी होती म्हणून नव्हे. ती काम करीत होती. अशा कुत्र्याला पिलूपणी वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढवितात, मग कित्येक महिने शाळेत शिकवितात. आज्ञा पाळायला तर शिकवितातच. पण मालक 'चल' म्हणाला आणि समोरून मोटार येत असली तर आज्ञा मोडायलाही शिकवितात. शहाणपणाने आज्ञाभंग करायला शिकविणारी दुसरी शाळा माझ्या पाहण्यात नाही; आमच्या महाविद्यालयांत तो विषय मुले आपापले शिकतात, पण शहाणपण वगळून. असे कुत्रे गर्दीत भुंकत नाही, ताटाला तोंड लावीत नाही, तासन्‌तास मालकाच्या पायाशी निमूट पडून राहते. म्हणून लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला. हा विश्वास म्हणजे बडी आणि तिच्यामागून आलेल्या हजारो कुत्र्यांनी जमविलेली पुंजी होती. खोट्या पत्रांनी नासाडी झाली ती या पुंजीची.

जून २०१७ मध्ये अटलांटा येथे विमान सुटण्यापूर्वीच एका आधारकुत्र्याने खिडकीशी बसलेल्या शेजारच्या उतारूच्या तोंडाचे लचके तोडले. खिडकीशी बसलेला माणूस पळणार कोठे? त्याला अठ्ठावीस टाके पडले. अंध प्रवाशांच्या तक्रारी आणखी वेगळ्या. अशिक्षित कुत्रे त्यांच्या कुत्र्यावर धावून जाई. आणि एकदा हबकलेला वाटाड्या पुन्हा पूर्वीच्या धीराने वाट दाखवील याची शाश्वती नसते. म्हणजे त्या माणसाचे डोळे दुसऱ्यांदा जाण्याची पाळी! आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे संशय. ज्याचे कुत्रे खरोखर शिकलेले, त्याच्याकडेही लोक 'हा आणखी एक आला फुकट्या' अशा नजरेने पाहू लागले.

या संशयाची ओळख आम्हां शिक्षक मंडळींना चांगली आहे. महाविद्यालयात पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम असतो. परीक्षा जवळ आली की कमी हजेरीची यादी फळ्यावर लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात विषमज्वर, कावीळ आणि पाठीचे दुखणे यांची साथ पसरते. दाखल्यांचा ढीग पडतो. सगळ्यांवर एकाच दोन डॉक्टरांची सही, आणि रोगी सगळे गुटगुटीत. आमचे कारकून हल्ली दाखला वाचीत नाहीत. नुसते चेहऱ्याकडे पाहतात. अशाच एका ढिगात एका मुलीचा दाखला होता. ती खरोखर काविळीने सहा आठवडे अंथरुणाला खिळली होती. कारकुनाने सवयीने भुवई वर केली आणि म्हणाला, "कावीळ का? यंदा काविळीचा भाव आहे." मुलगी काही बोलली नाही. तिने दाखला परत घेतला, नीट घडी घातली आणि डोळे पुसत खाली गेली. आम्ही तिला परत बोलावून आणले, हजेरी लावून दिली. पण त्या वाक्याची भरपाई कशाने करणार? आणि तो कारकून तरी दुष्ट थोडाच होता? पन्नास खोट्या दाखल्यांनी त्याला तसे केले होते. खोट्या दाखल्याची किंमत खोटे बोलणारा कधीच देत नाही. ती खरे बोलणाऱ्याकडून वसूल होते.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याने अखेर नियम बदलायचे ठरविले, तेव्हा पंधरा हजारांवर लोकांनी आपली मते कळविली. डिसेंबर २०२० मध्ये नवा नियम जाहीर झाला आणि ११ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. अपंग व्यक्तीसाठी काम करायला शिकविलेले कुत्रे तेवढेच सेवाप्राणी; आधारप्राण्यांना सेवाप्राणी मानण्याचे कंपन्यांवर बंधन नाही. लवकरच बहुतेक बड्या कंपन्यांनी आधारप्राण्यांना पाळीव प्राण्यांच्या रांगेत बसविले.

यावर एखाद्या वाचकभगिनी रागावून म्हणतील, "म्हणजे डोळ्यांचे दुखणे खरे आणि मनाचे खोटे, असेच ना?" तसे मुळीच नाही, आणि या नियमाची हीच बाजू आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या कित्येक सैनिकांच्या शरीरावर ओरखडाही नसतो, पण मन फाटलेले असते. त्यांच्यासाठी शिकविलेली कुत्री असतात. मध्यरात्री दुःस्वप्न पडले की ती मालकाला जागे करतात. गर्दीत त्याचा जीव घाबरा झाला की अंगाशी टेकून उभी राहतात. पूर्वी अशा कुत्र्यांच्या मालकांनाही दाखला आणि दोन दिवसांची पूर्वसूचना यांचा जाच होता, अंधांना मात्र नव्हता. नव्या नियमाने हा भेद मिटविला. मनासाठी काम करणारे कुत्रे आणि डोळ्यांसाठी काम करणारे कुत्रे एका पंक्तीला बसले. नियमाने रेघ ओढली आहे ती शरीर आणि मन यांच्यामध्ये नव्हे. शिकलेले काम आणि नुसती सोबत यांच्यामध्ये.

सोबतीची किंमत कमी आहे असे मी म्हणत नाही. सोबत ही मोठी गोष्ट आहे. पण विमानात दीडशे-दोनशे माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांत कोणाला कुत्र्याच्या केसांनी दमा होतो, कोणाला लहानपणी कुत्रे चावलेले असते. त्यांना दरवाजा उघडून उतरता येत नाही. त्यांच्यावर जे लादायचे ते तितकेच मोठे कारण असल्याशिवाय लादू नये, एवढाच शिष्टाचार आहे.

मात्र केवळ लोकांच्या खोटेपणावर बोट ठेवून कंपन्यांना मोकळे सोडणेही न्यायाचे नाही. सरळ वाटेने जाणाऱ्याची काय गत होते? मार्च २०१८ मध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या कुत्र्याच्या पिलासाठी रीतसर भाडे भरले होते, रीतसर पेटीही आणली होती. विमानातल्या सेविकेने ती पेटी डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवायला लावली. न्यूयॉर्क आले तेव्हा पिलू मेलेले होते. अशी बातमी वाचल्यावर ज्याचा कुत्र्यावर जीव आहे त्याला खोटे पत्र आणावेसे वाटले तर नवल नाही. सरळ रस्ता काट्यांनी भरून ठेवायचा आणि आडवाटेने गेला म्हणून माणसाला चोर म्हणायचे, ही रीत बरी नव्हे.

आपल्याकडचे पाहा. शिकविलेल्या सेवाकुत्र्याला मालकाबरोबर विमानात जाण्याची मुभा आपल्या नियमांत आहेच. पाळीव कुत्र्या-मांजरांना पेटीत घालून, भाडे घेऊन, प्रवाशांच्या कक्षात न्यायला अकासा कंपनीने नोव्हेंबर २०२२ पासून सुरुवात केली. आगगाडीने न्यायचे तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे मिळाला पाहिजे. नाहीतर गार्डाच्या डब्यातली ती लोखंडी पेटी. त्या पेटीत रात्रभर एकटे धडधडत गेलेले कुत्रे सकाळी मालकाकडे कोणत्या नजरेने पाहते, हे ज्याने पाहिले असेल त्याला अधिक सांगायला नको. प्राण्यांना न्यायची वाट स्वच्छ, सुरक्षित आणि बेताच्या भाड्याची असावी. कंपन्यांनी आणि रेल्वेने एवढे केले तर निम्मी खोटी पत्रे आपोआप फाटतील.

उरलेल्या निम्म्यांचे काय? नवा नियमही अखेर कागदावरच चालतो. 'माझे कुत्रे शिकलेले आहे' असे मालकानेच लिहून द्यायचे. खोटे लिहिले तर तो गुन्हा, असे कागदावर छापलेले असते. पण कुत्र्याचे प्रगतिपुस्तक कोण तपासणार? आधारप्राण्याचे नाव बदलून त्याला सेवाप्राणी म्हणणारे निघतीलच. कायदा दरवाजा अरुंद करू शकतो. आत येणाऱ्याची जीभ सरळ करू शकत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करायचे असते.

कुत्रे आणि विमान म्हटल्यावर धर्मराजाची आठवण झाली नाही असा मराठी वाचक विरळा. स्वर्गाच्या दारी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, तू ये, कुत्रे नको. धर्मराजाने काय केले? हे कुत्रे माझ्या मनाचा आधार आहे, असे तो म्हणाला नाही. वैद्याचा दाखला त्याने काढला नाही. तो म्हणाला, हे माझ्या आश्रयाला आले आहे, त्याला सोडून मला स्वर्ग नको. त्याचे सगळे म्हणणे कुत्र्याच्या बाजूने होते, स्वतःच्या नव्हे. आणि त्यासाठी स्वतःची जागा सोडायला तो तयार होता.

याच धर्मराजाच्या आयुष्यात एका जनावराचा प्रसंग त्याआधीही येऊन गेला होता. युद्धात अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला, तेव्हा द्रोणाचार्यांपुढे त्याने नाव मोठ्याने घेतले आणि 'हत्ती' हा शब्द ओठांतल्या ओठांत म्हटला. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. त्या क्षणी तो खाली टेकला. जनावराच्या नावाने सांगितलेल्या अर्ध्या खोट्याने अधांतरी चालणारे वाहन जमिनीवर आणले, असे व्यासांनी आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे. विमान कंपन्यांना फार उशिरा कळले, इतकेच.

तेव्हा माझे मत विचाराल तर असे: न्यावे. पण खरे सांगून, भाडे मोजून आणि शेजाऱ्याला सांभाळून न्यावे. काम करणाऱ्या कुत्र्याची जागा त्याच्यासाठी राखावी. आणि निघण्यापूर्वी एक प्रश्न त्या मुक्या जिवालाही मनातल्या मनात विचारावा. कानांत दडे बसविणारी ती उंची, तो घरघराट, ती अनोळखी पायांची दाटी हे सारे त्याला मानवणार आहे काय? आपल्या मनाचा आधार म्हणून ज्याला नेतो, त्याच्या मनाचा आधार कोण?

या प्रश्नासाठी विमानतळापर्यंत जायचीही गरज नाही. आपली दिवाळी सुरू होते वसुबारसेला, गाय-वासराला ओवाळून. आणि पुढच्या तीन-चार रात्री आपल्याच घरातले नाहीतर आळीतले कुत्रे फटाक्यांच्या आवाजाने जिन्याखाली थरथरत बसलेले असते. त्याला कोणाचे पत्र नको आहे. थोडा वेळ कोणीतरी जवळ बसावे, एवढेच त्याचे मागणे आहे.